फोडणारा आणि जपणारा

(रेडिओवरील भाषणाचा संपादित भाग)

गिटारींच्या संग्रहावर बोलायला एका मराठी कवीला कशाला बोलावलं, असं काहींच्या मनात येईल. त्याचं थोडंसं कारण माझ्या गावात, नगरमध्ये आहे. ते ओघात सांगेन. पण खरं कारण वेगळं आहे. वाद्य वाजवणाऱ्यापेक्षा वाद्य सांभाळणाऱ्या माणसाबद्दल मला पहिल्यापासून अधिक कुतूहल वाटत आलंय. वाजवणाऱ्याला टाळ्या मिळतात. सांभाळणारा गवसणी शिवून घेतो, गंजलेली तार बदलतो, पावसाळ्यात लाकडाला ओल लागू नये म्हणून जीव टाकतो, आणि त्याचं नाव कुठंच येत नाही. क्वचित ही दोन्ही माणसं एकाच देहात नांदतात. अशा एका माणसाची आणि त्याच्या वाद्यांची ही हकीकत.

जॉन एंटविसल त्याचं नाव. इंग्लंडच्या 'द हू' या रॉक बँडमध्ये तो बास गिटार वाजवायचा. २७ जून २००२ रोजी तो वारला आणि वर्ष भरायच्या आत, मे २००३ मध्ये, त्यानं आयुष्यभर जमवलेल्या गिटारी लंडनच्या सदबीज या लिलावघरात विकल्या गेल्या. शंभराहून कितीतरी जास्त वाद्यं. त्यात दुर्मीळ होती, देखणी होती, कारखान्यातून जशी आली तशी कोरी करकरीत होती. पण लोकांचे डोळे लागले होते ते एका गुलाबी रंगाच्या, जोडकाम केलेल्या बास गिटारीकडे. तिच्यापर्यंत पोहोचायला थोडं मागून यावं लागेल.

आधी बास गिटार म्हणजे काय ते सांगतो, कारण गिटार म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे हिंदी सिनेमातला, कॉलेजच्या कट्ट्यावर बसलेला नायक येतो. त्याच्या हातातली गिटार सहा तारांची, पोकळ पेटीची, विजेशिवाय वाजणारी. बास गिटारीला बहुधा चार तारा असतात आणि त्या गिटारीच्या खालच्या चार तारांच्याही एक सप्तक खाली लावलेल्या असतात. आपल्या भाषेत, ही खर्जाची गिटार. तंबोऱ्यालाही चारच तारा. पहिली पंचमाची, मधल्या दोन जोडीच्या आणि शेवटची पितळी, खर्जाची. मैफलीत त्या शेवटच्या तारेकडे कुणी मुद्दाम कान देत नाही. ती तुटली की मात्र गाणाऱ्याच्या पायाखालची जमीन सरकते. बासचं काम पुष्कळसं असंच. फरक इतकाच की तंबोरा एका जागी बसून असतो, आणि बास गाण्याबरोबर पावलं टाकत चालते.

पूर्वी हे काम डबल बास नावाचं पुरुषभर उंचीचं वाद्य करायचं. ते उभं धरून वाजवायचं, आणि प्रवासात बिचारं मोटारीच्या टपावर. बँडचा आवाज वाढत गेला तसं ते ऐकूही येईना. १९३० च्या दशकात अमेरिकेत सिएटल शहरात पॉल टुटमार्क यानं आडवी धरायची विजेची बास करून पाहिली होती, पण तिला गिऱ्हाईक मिळालं नाही. मग १९५१ साली कॅलिफोर्नियातल्या फुलर्टन गावात लिओ फेंडर यानं 'प्रिसिजन बास' आणली. दांडीवर धातूच्या पट्ट्या ठोकलेल्या, त्यामुळे सूर नेमक्या जागी सापडायचा. प्रिसिजन म्हणजे नेमकेपणा, म्हणून ते नाव. गंमत म्हणजे फेंडर हा मूळचा रेडिओ दुरुस्त करणारा. त्याला स्वतःला गिटार वाजवता येत नव्हती. मला याचं नवल वाटत नाही. आपल्या मिरजेत तलवारी-भाल्यांना धार लावणाऱ्या शिकलगारांच्या घरांतूनच सतारी-तंबोऱ्यांचे कारागीर निघाले, आणि २०२४ साली त्या सतारीला नि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळालं. हाताला हत्याराची सवय हवी आणि कानाला चाड हवी, मग धंदा कुठलाही असो.

जॉनचा जन्म ९ ऑक्टोबर १९४४ चा, पश्चिम लंडनमधला. बाप ट्रंपेट वाजवायचा, आई पियानो. दोघांचं पटलं नाही. पोर आईबरोबर आजोळी वाढलं. सातव्या वर्षी पियानो, मग ट्रंपेट, मग शाळांच्या वाद्यवृंदात फ्रेंच हॉर्न. म्हणजे याला स्वरलिपी वाचता येत होती. रॉकवाल्यांच्या त्या पिढीत ही गोष्ट तशी विरळाच. अ‍ॅक्टनच्या शाळेत त्याला पीट टाउनशेंड भेटला. दोघं पोरवयात जॅझ वाजवायचे, जॉन ट्रंपेटवर आणि पीट बँजोवर. पण पन्नाशीचं दशक संपत आलं होतं. विजेवरच्या गिटारी आल्या आणि त्यांच्यापुढे ट्रंपेटचा आवाज बुडायला लागला. जॉनला गिटार धरावीशी वाटली, पण त्याची बोटं जाडजूड. बासच्या जाड तारा त्या बोटांना मानवल्या.

विकत घ्यायला पैसे नव्हते. त्यानं घरच्या घरी बास बनवली. ओबडधोबड असणार, पण तीच खांद्यावर टाकून तो रस्त्यानं चालला असताना रॉजर डाल्ट्री नावाच्या पोरानं त्याला पाहिलं आणि आमच्या बँडमध्ये येतोस का, म्हणून विचारलं. पुढे जॉननं पीटला आणलं. 'द हू'चा पाया असा रस्त्यावर पडला, तोही घरगुती वाद्यामुळे. या काळात पोटासाठी जॉन काय करत होता? तर सरकारी करखात्यात कारकुनी. हा तपशील लक्षात ठेवा, पुढे लागेल.

१९६५ च्या ऑक्टोबरात त्यांचं 'माय जनरेशन' हे गाणं आलं. त्यात मध्येच गिटार थांबते आणि बास एकटी बोलायला लागते. तबल्याची साथ चालू असताना गवयानं हात आखडावा आणि तबलजीला चार आवर्तनं मोकळी द्यावीत, तसं. रॉक संगीतातल्या अगदी पहिल्या बास-तुकड्यांपैकी हा एक. त्यामागची हकीकत जॉननं पुढे मुलाखतींत सांगितली आहे, आणि तिच्यात मला त्याच्या संग्रहाचं बीज दिसतं. या तुकड्यासाठी त्याला डॅनेलेक्ट्रो कंपनीची एक बास आवडली होती, दोन लांब शिंगं असल्यासारखी दिसणारी. तिच्या तारा बारीक, आवाज लखलखीत. पण तार तुटली, आणि लंडनच्या दुकानात तसली सुटी तार मिळेना. मग एका तारेसाठी त्यानं दुसरी बास विकत घेतली. तीही तुटली. तिसरी घेतली. तिचीही तार गेली, तेव्हा दुकानात तशी बासच उरली नव्हती. शेवटी फेंडरच्या जॅझ बासवर, थोडा सोपा करून, तो तुकडा ध्वनिमुद्रित झाला. म्हणजे जगानं जो ऐकला तो त्याच्या मनातला तुकडा नव्हेच. आणि घरात मात्र तीन गिटारी येऊन पडल्या.

तारेचं वेड तिथं थांबलं नाही. तोवर बासच्या तारांवर सपाट पट्टीसारखं वेष्टन असायचं. आवाज गोल, बुजरा, गोणपाटाआडून आल्यासारखा. १९६६ साली जॉन रोटोसाउंड या इंग्लिश तार-कंपनीकडे गेला, आणि त्यांच्याबरोबर बसून गोल तारेचं वेष्टन असलेल्या बासच्या तारा घडवून घेतल्या. या तारांना धार होती, छनक होती. तंबोऱ्याच्या घोडीवर दोरा सरकवून आपण जवारी काढतो ना, साधारण तसं काहीतरी खर्जात घडलं. पुढे रॉकमधल्या असंख्य बासवादकांनी याच तऱ्हेच्या तारा चढवल्या. त्यांतल्या किती जणांना त्या कुणी मागून घेतल्या हे ठाऊक असेल, कोण जाणे.

आता फोडण्याकडे येतो. सप्टेंबर १९६४ मध्ये लंडनलगतच्या हॅरो भागात 'रेल्वे टॅव्हर्न' नावाच्या दारूच्या गुत्त्यात कार्यक्रम होता. छत बुटकं. टाउनशेंडनं आवेशात गिटार उंचावली आणि तिची दांडी छताला लागून मोडली. समोरचे काही फिदीफिदी हसले. त्यानं रागानं उरलेली गिटारही आपटून तुकडे तुकडे केली आणि दुसरी घेऊन वाजवायला लागला. लोकांना वाटलं, हा कार्यक्रमाचाच भाग. पुढच्या वेळी लोक तेच बघायला आले, आणि बघता बघता तो प्रघात पडला. ड्रमवर कीथ मून होता. तो ड्रम लाथाडायचा. टाउनशेंड या सगळ्याला एक तात्त्विक मूळही सांगतो. ईलिंगच्या कलाशाळेत त्यानं गुस्ताव मेत्झगर या कलावंताचं व्याख्यान ऐकलं होतं. स्वतःच्या नाशातून साकारणारी कला, असा मेत्झगरचा विचार. मेत्झगर ज्यू होता. १९३९ साली तो पोरवयात जर्मनीतून इंग्लंडला सुखरूप पोहोचला. मागे राहिलेले आईबाप नाझींच्या संहारात गेले. त्यानं नाशाबद्दल बोलावं यात अर्थ होता. तोच विचार हजारो पौंडांच्या तिकीटविक्रीत रोज रात्री वठवला जातो तेव्हा त्याचं काय उरतं, याबद्दल मला शंका आहे. आमच्याकडे वाद्याला चुकून पाय लागला तरी माणूस पटकन हात लावून कपाळाला नेतो. त्यामुळे माझा कल एकीकडे आहे हे मान्य करतो.

या सगळ्या मोडतोडीत जॉन कुठं असायचा? मंचाच्या एका कडेला, पुतळ्यासारखा. पाय हलत नाहीत, चेहरा हलत नाही, फक्त बोटं धावतायत. सोबती त्याला 'ऑक्स' म्हणायचे, म्हणजे बैल. बाकीचे तिघे धिंगाणा घालत असताना गाणं कोसळू न देण्याचं काम या बैलाकडे. पण धुमाळीत त्याच्याही बास गिटारी मोडल्याच. १९६७ साली अमेरिकेच्या दौऱ्यात सॅन फ्रान्सिस्कोला असताना त्यानं असल्या पाच मोडक्या बासचे अवशेष पुढे मांडले. कुणाची पेटी धड होती, कुणाची दांडी, कुणाच्या खुंट्या, कुणाचं आवाज पकडणारं चुंबक. स्क्रूड्रायव्हर घेतला, सोल्डरिंगचं इस्त्रीवजा हत्यार घेतलं, आणि दोनेक तासांत पाचांची एक केली. तिचं नाव ठेवलं 'फ्रँकेन्स्टाईन'. मेरी शेलीच्या १८१८ च्या कादंबरीतला शास्त्रज्ञ प्रेतांचे भाग जोडून माणूस उभा करतो, त्यावरून. जॉनला भुताखेतांच्या, कोळ्याकिड्यांच्या गोष्टींची आवडच होती. 'बोरिस द स्पायडर' हे त्याचं सर्वांत गाजलेलं गाणं एका कोळ्यावर आहे. ही जोडलेली बास पुढे काही वर्षं मंचावर त्याची मुख्य सोबतीण होती. कधीतरी तिला गुलाबी रंग चढला.

आता नगरची गोष्ट. टाउनशेंडचं नाव मला संगीतातून कळलं नाही. ते कळलं अरणगावच्या वाटेवर. आमच्या शहरापासून थोड्याच अंतरावर मेहेराबाद आहे, मेहेरबाबांची समाधी तिथं आहे. बाबांनी १० जुलै १९२५ ला मौन धरलं ते ३१ जानेवारी १९६९ ला देह ठेवीपर्यंत सोडलं नाही. दरवर्षी जानेवारीअखेर अमरतिथीला देशोदेशीची माणसं येतात आणि आमच्या बाजारपेठेत गोरे चेहरे दिसायला लागतात. मी बी.ए.ला असताना अशाच एका पाहुण्यानं चहा पिता पिता सांगितलं की इंग्लंडचा एक मोठा गिटारवाला बाबांचा भक्त आहे, आणि तो गिटारी फोडतो. ही दोन वाक्यं एकापुढे एक मला जुळेनात. टाउनशेंड १९७२ साली समाधीला येऊन गेला होता. त्याच वर्षी त्याच्या तबकडीत बाबांच्या प्रार्थनेवर बेतलेलं एक गाणं आलं, त्याचं नाव 'परवरदिगार'. हा शब्द मी आजीच्या तोंडून रोज ऐकत आलेला, तवा चुलीवरून उतरवताना, दाराला कडी लावताना. तो लंडनच्या तबकडीवर छापलेला पाहून काय वाटलं ते नेमकं सांगता यायचं नाही. पण त्या दिवसापासून मी या बँडकडे बघायला लागलो, आणि बघता बघता माझी नजर टाउनशेंडवरून सरकून कडेला उभ्या असलेल्या माणसावर स्थिरावली. जॉन काही बाबांचा भक्त नव्हता. पण फोडणारा माणूस मौनी बाबांच्या पायाशी गेला आणि न फोडणारा आपण होऊनच गप्प राहिला, ही जोडी मला अजूनही विचार करायला लावते.

पैसा आला तसा जॉननं ग्लॉस्टरशायरमध्ये स्टो-ऑन-द-वोल्ड गावाजवळ 'क्वारवूड' नावाचा व्हिक्टोरियन वाडा घेतला. त्यात चिलखतं, खेळण्यातल्या आगगाड्या, पेंढा भरलेले मोठाले मासे, असा सगळा जामानिमा. आणि गिटारी. बँडवर १९७९ साली निघालेल्या माहितीपटात तो या वाड्यात दिसतो. खप झाल्याबद्दल कंपन्या ज्या सोनेरी तबकड्या चौकटीत घालून देतात, त्या हवेत उडवून तो बंदुकीनं फोडतो. विनोद म्हणून ठीक आहे. मला मात्र त्यात त्याचा हिशेब दिसला: बक्षीस फोडलं तरी चालेल, वाद्य नाही.

त्याचा संग्रह नुसता हौसेचा नव्हता. १९५८ ची गिब्सनची 'एक्सप्लोरर' त्याच्याकडे होती. कोनाकोनांची, त्या काळी लोकांना विचित्र वाटलेली, म्हणून फारच थोड्या बनलेली गिटार. ही सहा तारांची. त्याच्या वाजवण्याच्या कामाची नव्हे. पण तिच्या आकारानं त्याला पछाडलं आणि पुढे त्यानं अलेंबिक या कॅलिफोर्नियातल्या कंपनीकडून त्याच आकाराच्या बास करून घेतल्या. गिब्सनच्या 'थंडरबर्ड' बासचा देह आवडला पण फेंडरची दांडी हाताला बरी वाटायची, तर त्यानं एकाच्या धडावर दुसऱ्याची दांडी बसवून घेतली, त्या 'फेंडरबर्ड'. १९८० च्या दशकात वॉरविक या जर्मन कंपनीबरोबर 'बझर्ड' नावाची, शिकारी पक्ष्यासारखी दिसणारी बास त्यानं स्वतः रेखाटून घडवली, नंतर तिचीच आवृत्ती लाकडाऐवजी कार्बन धाग्यांची निघाली. म्हणजे सॅन फ्रान्सिस्कोत मोडक्या पाचांची एक करताना लागलेली खोड जन्मभर सुटली नाही. त्याचा संग्रह ही त्याची प्रयोगवही होती, असं मी समजतो. कवीच्या घरी खोडलेल्या ओळींचे कागद सापडतात, तशा याच्या घरी गिटारी.

या वेडाची दुसरी बाजूही सांगायला हवी. त्याचा हात फार सढळ होता. येणाऱ्यापेक्षा जाणारं जास्त. बँड पुढच्या काळात पुन्हा एकत्र आला, त्यामागे जॉनची पैशाची ओढाताण हेही एक कारण होतं, असं सोबत्यांनीच नंतर सांगितलं. आणि ज्या आवाजासाठी त्यानं तारा घडवल्या, दांड्या बदलल्या, त्या आवाजानंच त्याचे कान खाल्ले. ३१ मे १९७६ ला लंडनमधल्या चार्ल्टनच्या फुटबॉल मैदानावर या बँडचा आवाज ३२ मीटरवर १२६ डेसिबल मोजला गेला. गिनीज बुकात त्याची नोंद झाली. शेवटच्या वर्षांत जॉनला फार कमी ऐकू यायचं. भिंतीवर शंभर आवाज टांगलेले, आणि ऐकणाऱ्याचा कान गेलेला.

जून २००२ मध्ये अमेरिकेचा दौरा सुरू होण्याच्या आदल्या दिवशी लास वेगासच्या हॉटेलात तो मृतावस्थेत सापडला. वय ५७. हृदय आधीच दुबळं झालेलं, त्यात कोकेन. चारच दिवसांनी, १ जुलैला, लॉस एंजलिसच्या हॉलिवूड बोलमध्ये त्याच्या जागी पिनो पॅलाडिनो उभा राहिला आणि दौरा पुढे सरकला. यावर तेव्हा काहींनी नाकं मुरडली. मला त्यात काही गैर वाटत नाही. दौऱ्यावर शेकडो माणसांची पोटं असतात.

आणि मग आला कर. ब्रिटनमध्ये माणूस वारला की त्याच्या मालमत्तेवर वारसा कर लागतो. त्या वर्षी अडीच लाख पौंडांपर्यंत माफी होती, त्यापुढे सरसकट ४० टक्के. आपल्याकडचा मृत्युकर १९८५ साली रद्द झाला, त्यामुळे आपल्या आजच्या पिढीला याची कल्पना नसते. आमच्या घरांत माणूस गेला की त्याच्या मिळकतीतून आधी कफन-दफनाचा खर्च, मग त्याचं कर्ज, मग तिसऱ्या हिश्शाच्या आत त्यानं लिहून ठेवलेलं देणं, आणि उरेल त्यात वारसांचे ठरलेले हिस्से. शेत वाटता येतं, घराला मध्ये भिंत घालता येते. वाद्य वाटता येत नाही. ते विकून पैसा वाटावा लागतो. जॉनच्या मुलानं, पुढे येणाऱ्या कराची तजवीज म्हणून, गिटारी लिलावाला काढल्या. तरुणपणी जो करखात्यात कारकून होता, त्याच्या आयुष्यभराच्या जमेवर शेवटी त्याच खात्याची सावली पडली. कादंबरीत हे लिहिलं असतं तर संपादकांनी ओढूनताणून आणलंय म्हणून खोडलं असतं.

लिलावाच्या यादीत गुलाबी फ्रँकेन्स्टाईन होती. नव्याकोऱ्या बासपेक्षाही जास्त मार खाल्लेली, मूळ कारखान्याच्या दृष्टीनं पाहिलं तर कवडीमोल. कारण तज्ज्ञ भाव देतात तो 'मूळचे सगळे भाग शाबूत' असलेल्या वाद्याला. तिला ६० हजार पौंडांहून जास्त किंमत आली, लिलावघराच्या अंदाजाच्या कितीतरी पट. कोण म्हणेल पैशाला काही कळत नाही? कधी कधी कळतं. बाकीच्या गिटारी देशोदेशी पांगल्या. २००४ साली 'बास कल्चर' नावाचं या संग्रहाचं पुस्तक निघालं, लेखक म्हणून जॉनचंच नाव असलेलं. सगळी वाद्यं एकत्र आता त्या पुस्तकातच भेटतात.

पुढच्या काळात काही वादक शहाणे झाले. 'पिंक फ्लॉइड'च्या डेव्हिड गिलमोरनं जिवंतपणीच, २० जून २०१९ रोजी, न्यूयॉर्कमध्ये ख्रिस्टीजमार्फत आपल्या सव्वाशेच्या आसपास गिटारी विकल्या. सुमारे २ कोटी १५ लाख डॉलर आले ते सगळे हवामानबदलावर कायदेशीर लढा देणाऱ्या 'क्लायंटअर्थ' या संस्थेला दिले. त्यात एक पोकळ पेटीची, विजेशिवायची मार्टिन डी-३५ होती, १९६९ ची. ती त्यानं १९७१ साली न्यूयॉर्कच्या एका प्रसिद्ध वाद्यदुकानाबाहेर, फुटपाथवर भेटलेल्या माणसाकडून घेतली होती. तिला १० लाख ९५ हजार डॉलर मिळाले. या डी-३५ ची पाठ तीन फळ्यांची असते. कारण साधं: १९६५ साली हे मॉडेल निघालं तेव्हा ब्राझीलच्या शिसवीच्या रुंद फळ्या मिळेनाशा झाल्या होत्या, म्हणून अरुंद फळ्या जोडून पाठ केली. टंचाईतून जन्मलेलं ते जोडकाम पुढे तिची शोभा झालं. त्याच १९६९ मध्ये मार्टिननं ब्राझीलची शिसवी सोडून भारतीय शिसवी धरली. तीच जात, जी आपल्या सह्याद्रीत वाढते आणि जिचे पलंग नि देव्हारे जुन्या वाड्यांत अजून दिसतात. 'डायर स्ट्रेट्स'च्या मार्क नॉफ्लरनं जानेवारी २०२४ मध्ये लंडनला आपल्या १२० हून अधिक गिटारी विकल्या, ८८ लाख पौंडांना, आणि त्यातला चौथा हिस्सा धर्मादाय संस्थांना दिला.

याच्या अगदी उलट, एकाच बाससाठी झुरलेल्या माणसाचंही उदाहरण आहे. पॉल मॅकार्टनीनं १९६१ साली हॅम्बुर्गमध्ये सुमारे ३० पौंडांना व्हायोलिनच्या आकाराची हॉफनर बास घेतली. बीटल्सची पहिली गाणी तिच्यावर वाजली. १९७२ साली लंडनमध्ये गाडीतून ती चोरीला गेली. ५१ वर्षांनी, २०२३ मध्ये, इंग्लंडमधल्या एका घराच्या माळ्यावर ती सापडली. तुटकी होती, पण होती. त्याच्याकडे वाद्यांना तोटा नव्हता, पण त्यानं ती मागे घेतली, दुरुस्त करवली, आणि डिसेंबर २०२४ मध्ये लंडनच्या कार्यक्रमात मंचावर वाजवली.

जॉनच्या गिटारी संग्रहालयात जायला हव्या होत्या, असं म्हणणारे पुष्कळ आहेत. मला तसं वाटत नाही. काचेआड ठेवलेल्या गिटारीच्या तारा सैल करून ठेवतात, लाकडावर ताण नको म्हणून. ते बरोबरच आहे, पण मग ती गिटार राहते का? त्यापेक्षा कुणा अनोळखी माणसाच्या घरी, वेडीवाकडी का होईना, ती वाजत असेल तर बरं. एकच गोष्ट टोचते. ती सगळी वाद्यं एकमेकांना ओळखत होती. एक्सप्लोररमुळे अलेंबिक आली, फ्रँकेन्स्टाईनमुळे फेंडरबर्ड. एकेकटी विकत घेणाऱ्याच्या हाती बास आली, पण तिचं नातं आलं नाही.

ज्यांना हा खर्ज ऐकायचा असेल त्यांनी 'लाइव्ह अ‍ॅट लीड्स' ही तबकडी मिळवावी. १४ फेब्रुवारी १९७० रोजी लीड्स विद्यापीठाच्या भोजनगृहात झालेल्या कार्यक्रमाचं ते ध्वनिमुद्रण आहे. २००६ साली त्या इमारतीवर निळी पाटीही बसवली गेली. कानाला लावायचे हेडफोन घ्या. एका कानात टाउनशेंडची गिटार येते, दुसऱ्या कानात जॉनची बास. दोन्ही मिळून एकदा ऐका. मग गिटारीच्या बाजूचा हेडफोन काढून ठेवा.